जीप : निर्मिती कोणाची, नाव कोणाचे?

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात राजे, लढाया आणि तह यांना जितकी पाने मिळतात, तितक्या ओळीही माणसाच्या हातातील वस्तूंना मिळत नाहीत. वस्तुतः नांगर, चरखा, छापखाना, आगगाडी यांनी समाजजीवन जेवढे बदलले, तेवढे अनेक राजघराण्यांनीही बदलले नाही. अशाच एका वस्तूचा, म्हणजे ‘जीप’ या वाहनाचा इतिहास आम्ही या स्मरणिकेच्या वाचकांपुढे ठेवीत आहोत. आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी कोणी सैन्यात आहेत, कोणी वाहन चालवितात, कोणी गॅरेज सांभाळतात. त्यांच्या परिचयाच्या या गाडीमागे एक प्रश्न दडलेला आहे. एखादी वस्तू निर्माण कोण करतो आणि जगात तिला नाव कोणाचे लागते? जीपच्या बाबतीत या प्रश्नाचा रीतसर निवाडा झाला. तो निवाडा होऊनही पुढे काय घडले, हे समजून घेण्यासारखे आहे.

एकोणपन्नास दिवसांची मुदत

१९४० च्या उन्हाळ्यात जर्मन फौजांनी फ्रान्स पादाक्रांत केला आणि अमेरिकेच्या लष्कराला आपल्या जुनाट साधनसामग्रीची जाणीव झाली. टेहळणीसाठी घोडे आणि मोटारसायकली आता पुरेशा नव्हत्या. हलकी, बुटकी, चारही चाकांना इंजिनाची शक्ती मिळणारी, शेतातून व चिखलातून जाणारी गाडी हवी होती. ११ जुलै १९४० रोजी लष्कराने १३५ उत्पादकांकडे मागणीपत्र पाठविले. अटी कठोर होत्या. गाडीचे वजन ६०० किलोच्या आत असावे, पुढची काच दुमडता यावी आणि पहिला नमुना ४९ दिवसांत हजर करावा. पहिल्या ७० गाड्या ७५ दिवसांत द्यावयाच्या होत्या.

या १३५ पैकी केवळ दोघांनी प्रतिसाद दिला. एक ओहायो राज्यातील टोलिडो शहराची विलिस-ओव्हरलँड कंपनी आणि दुसरी पेन्सिल्व्हेनिया राज्यातील बटलर या लहानशा गावातील अमेरिकन बँटम कंपनी. बँटम ही ब्रिटिश ऑस्टिनच्या छोट्या मोटारी परवान्याने बनविणाऱ्या, पुढे दिवाळखोरीत गेलेल्या कारखान्याची वारसदार होती. अमेरिकन ग्राहकाला लहान गाडीचे आकर्षण नसल्याने कंपनीची स्थिती हलाखीची होती. आराखडे काढण्यासाठी तिच्यापाशी पुरेसे अभियंतेही उरले नव्हते. तिने डेट्रॉइटच्या कार्ल प्रॉब्स्ट या स्वतंत्र अभियंत्याला पाचारण केले. आरंभी मोबदल्याची हमी नसतानाही तो आला. १७ जुलैला त्याने काम हाती घेतले आणि अवघ्या दोन दिवसांत गाडीचा मूळ आराखडा कागदावर उतरविला. २२ जुलैला निविदा दाखल झाली. विलिसला ४९ दिवसांची मुदत पाळणे अशक्य वाटले, म्हणून काम बँटमला मिळाले.

कारखान्यात हॅरॉल्ड क्रिस्ट आणि त्याच्या कारागिरांनी मिळतील ते भाग जुळवून गाडी उभी केली. धुरे स्टुडबेकर मोटारीचे होते. त्यात आवश्यक बदल स्पायसर कंपनीने करून दिले. २३ सप्टेंबर १९४० रोजी, म्हणजे मुदतीच्या अखेरच्या दिवशी, प्रॉब्स्ट आणि क्रिस्ट यांनी ती गाडी स्वतः चालवीत मेरीलँडमधील कॅम्प हॉलाबर्ड येथे आणली. सायंकाळी पाचची वेळ ठरलेली होती. गाडी अर्धा तास आधी पोहोचली.

तीन कारखाने आणि एक गाडी

बँटमची गाडी लष्कराच्या कठोर चाचण्यांत टिकली. परंतु याच चाचण्यांना विलिस आणि फोर्ड या कंपन्यांचे प्रतिनिधीही उपस्थित होते. बँटमचे आराखडे त्यांना उपलब्ध करून देण्यात आले. बँटमसारखा लहान कारखाना युद्धाची प्रचंड गरज भागवू शकणार नाही, असे लष्कराचे म्हणणे होते. ही शंका अगदीच निराधार नव्हती. तथापि एकाने रात्रंदिवस खपून केलेला आराखडा प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेला, ही वस्तुस्थितीही नाकारता येत नाही. थोड्याच महिन्यांत विलिसची ‘क्वाड’ आणि फोर्डची ‘पिग्मी’ हे दोन नमुने पुढे आले. दोहोंवर बँटमची छाप स्पष्ट दिसत होती.

लष्कराने तिघांनाही प्रत्येकी १,५०० गाड्यांचे काम दिले. बँटमची बीआरसी-४०, विलिसची एमए आणि फोर्डची जीपी अशा तीन गाड्या एकाच वेळी परीक्षेला उतरल्या. येथे विलिसच्या बाजूने एक सबळ गोष्ट होती, ती म्हणजे तिचे इंजिन. मुख्य अभियंता डेल्मर ‘बार्नी’ रूस याने सुधारलेले हे २.२ लिटरचे ‘गो-डेव्हिल’ इंजिन ६० अश्वशक्ती देत असे. बँटमचे इंजिन साधारण ४५ अश्वशक्तीचे होते. मात्र विलिसची गाडी सुधारित वजनमर्यादेपेक्षाही जड होती. तेव्हा रूसने गाडीचा भाग न् भाग सुटा करून तोलला, बोल्टांची लांबी कमी केली, पत्रा पातळ केला आणि रंगाचाही एकच हात दिला. जुलै १९४१ मध्ये सर्वांत कमी दराच्या निविदेवर १६,००० गाड्यांचे कंत्राट विलिसला मिळाले. हीच ती प्रसिद्ध विलिस एमबी होय.

एकट्या विलिसचे उत्पादन पुरेना, म्हणून नोव्हेंबर १९४१ मध्ये फोर्डलाही विलिसच्याच आराखड्यानुसार गाड्या बनविण्याचे काम देण्यात आले. तिचे नाव जीपीडब्ल्यू. दोन्ही गाड्यांचे भाग एकमेकींना बसले पाहिजेत अशी अट होती, जेणेकरून रणांगणावर मोडलेल्या दोन गाड्यांतून एक चालती गाडी उभी करता यावी. फोर्डने मात्र आपल्या बोल्टांवरदेखील इंग्रजी ‘एफ’ हे अक्षर कोरले. युद्धकाळात विलिसने सुमारे ३ लाख ६० हजार आणि फोर्डने सुमारे २ लाख ८० हजार गाड्या तयार केल्या. बँटमच्या वाट्याला सर्व मिळून २,७०० च्या आतबाहेर गाड्या आल्या. त्यांतील बहुतेक ब्रिटन व सोव्हिएत रशियाला पाठविण्यात आल्या. ज्या कंपनीने ही गाडी प्रथम साकारली, ती पुढे त्याच गाडीच्या मागे जोडावयाचे ट्रेलर बनवीत राहिली.

गाडीची रचना

ही गाडी इतकी उपयुक्त का ठरली, याचे उत्तर तिच्या साध्या बांधणीत आहे. सर्वसाधारण मोटारीत इंजिनाची शक्ती दोनच चाकांना मिळते. ती चाके चिखलात रुतून फिरू लागली की गाडी जागची हलत नाही. जीपमध्ये मुख्य गिअरबॉक्सला जोडून दुसरी पेटी बसविलेली असते. ती शक्तीची वाटणी करून पुढच्या व मागच्या अशा दोन्ही धुऱ्यांना ती पोहोचविते. म्हणूनच चालकाच्या हाताशी गिअरच्या दांड्याखेरीज आणखी दोन छोटे दांडे असतात. एकाने पुढची चाके जोडता येतात. दुसऱ्याने चाकांचा वेग घटतो आणि ओढ वाढते. चढावर किंवा दलदलीत हाच दुसरा दांडा गाडीला तारतो.

दोन्ही धुऱ्यांतील अंतर ८० इंच म्हणजे सुमारे दोन मीटर असल्याने गाडी अरुंद जागेत वळते. खाली पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगा आहेत. मडगार्ड सपाट असल्याने त्यांवर सामान ठेवता येते. पेट्रोलची टाकी चालकाच्या आसनाखाली असते. पुढचे दिवे बिजागरीवर मागे वळवून रात्री इंजिनावर प्रकाश टाकता येतो. दुरुस्ती करणाऱ्या माणसाचा इतका विचार केलेली गाडी विरळाच. ब्रह्मदेशच्या आघाडीवर तर जीपची रबरी चाके काढून लोखंडी चाके बसविण्यात आली आणि तिच्याकडून रुळांवरील डबे ओढून घेण्यात आले.

‘जीप’ हा शब्द

फोर्डच्या ‘जीपी’ या अक्षरांवरून ‘जीप’ शब्द आला आणि ती अक्षरे ‘सर्वसाधारण कामासाठी’ या अर्थाची होती, ही समजूत सर्वत्र रूढ आहे. परंतु फोर्डच्या संकेतपद्धतीत ‘जी’ म्हणजे सरकारी काम आणि ‘पी’ म्हणजे ८० इंची धुरांतर एवढाच अर्थ होता. शिवाय अमेरिकन सैनिक हा शब्द आधीपासूनच नव्या रंगरुटासाठी किंवा चाचणी न झालेल्या वाहनासाठी वापरीत असत. १९३६ साली ‘पॉपाय’ या चित्रमालिकेत ‘यूजीन द जीप’ नावाचा, कोठेही सहज पोहोचणारा एक अद्भुत प्राणी अवतरला होता. त्यानेही या शब्दाला लोकप्रियता दिली. १९४१ च्या आरंभी वॉशिंग्टन येथे विलिसच्या चालकाने ही गाडी संसदभवनाच्या पायऱ्यांवर चढवून दाखविली. वार्ताहर कॅथरिन हिलियर यांच्या बातमीमुळे ‘जीप’ हे नाव घरोघर पोहोचले. थोडक्यात, हा शब्द कोणत्याही कंपनीच्या कचेरीत घडलेला नाही. तो सैनिकांच्या बोलण्यातून वर आला.

निवाडा

युद्धकाळात विलिस कंपनीने मोठमोठ्या जाहिराती देऊन जीप आपणच निर्माण केल्याचा दावा मांडला. गाडी सर्वत्र विलिसचीच दिसत होती, तेव्हा लोकांनाही ते खरे वाटले. बँटमपाशी अशा जाहिरातींना पैसा नव्हता. मात्र १९४३ मध्ये अमेरिकेच्या संघराज्य व्यापार आयोगाने या जाहिराती दिशाभूल करणाऱ्या आहेत असा आक्षेप घेऊन चौकशी सुरू केली. साक्षी झाल्या, लष्कराची कागदपत्रे तपासली गेली. १९४८ साली आयोगाने निर्णय दिला की जीपची कल्पना व निर्मिती अमेरिकन बँटम कंपनी आणि लष्करातील काही अधिकारी यांच्या सहकार्यातून झाली आणि विलिसने निर्मितीचा दावा करणे थांबवावे.

सत्य असे कागदावर प्रस्थापित झाले. परंतु १९५० साली ‘जीप’ या नावाची व्यापारचिन्ह म्हणून नोंद झाली ती विलिसच्याच नावावर. निर्मितीचे श्रेय एकाकडे गेले, नावाची मालकी दुसऱ्याकडे राहिली आणि लाभ मालकीच्या मागे गेला. पुढे बँटम कंपनी काळाच्या ओघात नाहीशी झाली.

इतिहासाचे शिक्षक म्हणून आम्हांला या प्रकरणात दोन धडे दिसतात. ज्याच्या हाती प्रचाराची साधने असतात, त्याची बाजू आपोआप इतिहास म्हणून खपून जाते, हा पहिला. नोंदी, तारखा आणि आराखडे जपलेले असतील तर उशिरा का होईना, त्या बाजूला आव्हान देता येते, हा दुसरा. बटलर गावात आज बँटमच्या स्मरणार्थ जीपचा महोत्सव भरतो, तो त्या जपलेल्या नोंदींच्या बळावरच.

युद्धोत्तर रूपे

१९४५ मध्ये विलिसने सामान्य नागरिकांसाठी सीजे-२ए ही गाडी बाजारात आणली. लष्करी गाडीला मागे फाळका नव्हता. या गाडीला तो आला, स्टेपनी मागून बाजूला गेली, दिवे मोठे झाले आणि शेतीची अवजारे चालविण्यासाठी इंजिनाची शक्ती बाहेर घेण्याची सोयही झाली. पुढील जाळीच्या उभ्या फटी लष्करी गाडीत नऊ होत्या, नागरी गाडीत त्या सात झाल्या. जुनी जीप लष्करी की नागरी, हे ओळखण्याची ही सोपी खूण आहे.

१९४९ मध्ये सीजे-३ए आणि १९५३ मध्ये सीजे-३बी आली. तिच्यात ‘हरिकेन’ नावाचे अधिक उंच इंजिन असल्याने बोनेटही उंच झाले. भारतीयांच्या मनातील जीप बहुधा हीच. कोरियन युद्धाच्या काळात एम३८ आणि एम३८ए१ या लष्करी आवृत्त्या निघाल्या. त्यांपैकी दुसरीच्या गोलसर देहावरून घडलेली सीजे-५ तर १९८३ पर्यंत बनत राहिली. १९७६ मध्ये सीजे-७ आणि १९८६ मध्ये चौकोनी दिव्यांची ‘रँग्लर’ आली. मधल्या काळात स्टेशन वॅगन, मालवाहू ट्रक, हौशी ग्राहकांसाठी ‘जीपस्टर’ आणि १९६० च्या दशकात ‘वॅगोनियर’ ही रूपेही निघाली. १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने मोटारींच्या सौंदर्याचे प्रदर्शन भरविले, तेव्हा त्यात जीपलाही स्थान होते. नावाची मालकी मात्र विलिसकडून १९५३ मध्ये कैसरकडे, १९७० मध्ये अमेरिकन मोटर्सकडे आणि १९८७ मध्ये क्रायस्लरकडे गेली.

देशोदेशीचे भाऊबंद

ब्रिटनमध्ये रोव्हर कंपनीचे मॉरिस विल्क्स आपल्या शेतावर युद्धातून उरलेली जीप वापरीत. तिच्यासारखी गाडी आपणही का बनवू नये, या विचारातून १९४८ मध्ये लँड रोव्हर जन्मली. पोलादाच्या टंचाईमुळे तिचा देह ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा होता. जपानमध्ये टोयोटाने १९५१ साली ‘बीजे’ बनविली. १९५४ पासून ती लँड क्रूझर म्हणून ओळखली जाऊ लागली, कारण ‘जीप’ हे नाव दुसऱ्याच्या मालकीचे होते. सोव्हिएत रशियाने १९४१ मध्येच गॅझ-६४ तयार केली होती. फिलिपाईन्समध्ये अमेरिकन सैन्य मागे सोडून गेलेल्या जीपगाड्या तेथील कारागिरांनी लांबविल्या, समोरासमोर दोन लांब बाकडी बसविली आणि रंगरंगोटी केली. ही ‘जीपनी’ तेथील गरिबांचे मुख्य प्रवासी वाहन ठरली.

भारतातील वाटचाल

२ ऑक्टोबर १९४५ रोजी जे. सी. महिंद्र, के. सी. महिंद्र आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी ‘महिंद्र अँड मोहम्मद’ ही कंपनी स्थापन केली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले आणि तेथे प्रथम अर्थमंत्री व नंतर गव्हर्नर जनरल झाले. १९४८ मध्ये कंपनीचे नाव ‘महिंद्र अँड महिंद्र’ झाले. चाळीसच्या दशकाच्या अखेरीस मुंबईच्या माझगावात, अमेरिकेहून आलेल्या सुट्या भागांची जोडणी करून जीप बनविणे सुरू झाले. पुढे परवान्याखाली हे भाग टप्प्याटप्प्याने येथेच घडू लागले. अमेरिकेत सीजे-३बी चे उत्पादन १९६८ मध्ये थांबले. भारतात मात्र तिचा वंश पुढे कितीतरी दशके चालू राहिला. डिझेल इंजिनाच्या गाड्या, एमएम ५४०, लांब देहाची कमांडर, १९९३ ची आर्माडा, २००० ची बोलेरो आणि २०१० ची थार ही त्याच घराण्यातील नावे. सैन्यासाठी जबलपूर येथे निसानच्या आराखड्यावर ‘जोंगा’ बनली. लोकांनी तिलाही जीपच म्हटले.

१० सप्टेंबर १९६५ रोजी खेमकरण भागातील असल उत्तर येथे धारातीर्थी पडलेले कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार अब्दुल हमीद यांनी जीपवर बसविलेल्या तोफेतून पाकिस्तानचे अनेक पॅटन रणगाडे निकामी केले होते. उत्तर प्रदेशातील गाझीपूर जिल्ह्याच्या धामूपूर गावी, शिंपीकाम करणाऱ्या कुटुंबात जन्मलेल्या या वीराला मरणोत्तर परमवीरचक्र मिळाले.

२ ऑक्टोबर १९५२ रोजी सामूहिक विकास कार्यक्रम सुरू झाला आणि जीप खेडोपाडी पोहोचली. गटविकास अधिकाऱ्याची, तहसीलदाराची, फौजदाराची अशी ती ‘साहेबाची गाडी’ झाली. गावकुसाबाहेरील वस्तीला मात्र तिच्या धुरळ्याचीच ओळख अधिक होती. नंतर जुन्या जीप, कमांडर आणि ट्रॅक्स यांनी पश्चिम महाराष्ट्रात ‘वडाप’ म्हणून, तर मराठवाडा, खानदेश, विदर्भात ‘काळी-पिवळी’ म्हणून प्रवासी वाहतूक सुरू केली. जेथे एसटी दिवसातून एकदाच येई, तेथे शाळेची मुले, बाजाराला जाणाऱ्या बाया आणि दवाखान्यात न्यावयाचे रुग्ण यांना या गाड्यांचाच आधार होता. क्षमतेहून अधिक माणसे कोंबण्याचा धोका त्यात होताच, तो नजरेआड करता येणार नाही. परंतु साहेबाची गाडी सर्वांची गाडी होणे, हा आपल्याकडील तिच्या इतिहासातील सर्वांत मोठा बदल आहे, असे आम्हांस वाटते. एका तरुणाने कर्ज काढून गाडी घेतली आणि सहा गावे जोडली गेली, अशी उदाहरणे वाचकांना आपल्याच तालुक्यात सापडतील.

वाद संपलेला नाही

नावाचा प्रश्न अलीकडे पुन्हा उभा राहिला. महिंद्रने अमेरिकेत ‘रॉक्सॉर’ ही केवळ रस्त्याबाहेर चालविण्याची गाडी आणली. तेव्हा जीपची मालकी असलेल्या फियाट क्रायस्लरने २०१८ मध्ये तेथील आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाकडे तक्रार केली की हिचे रूप आमच्या जीपचे आहे. २०२० मध्ये निकाल तक्रारदाराच्या बाजूने लागला. महिंद्रला गाडीचे रूप बदलावे लागले आणि बदललेल्या रूपाला त्याच वर्षी मान्यता मिळाली. ज्या रूपाचा पहिला आराखडा बटलरच्या कारखान्यात दोन दिवसांत काढला गेला, त्यावर ऐंशी वर्षांनी दोन बलाढ्य कंपन्या भांडत होत्या. त्यांपैकी एकही बँटमची वारसदार नव्हती.

आज पुणे जिल्ह्यातील रांजणगावात ‘जीप’ हे अधिकृत नाव धारण करणारी गाडी बनते. नाशिकमध्ये त्या जुन्या वंशाची थार बनते. दोन्ही कारखान्यांत आपल्याच राज्यातील मुले-मुली काम करतात, आणि रस्त्यावरचा सामान्य माणूस दोन्ही गाड्यांना जीपच म्हणतो. कायद्याने नाव एकाचे असले तरी भाषेने ते सर्वांना देऊन टाकले आहे.

आमच्या विद्यार्थ्यांना आणि माजी विद्यार्थ्यांना एवढेच सांगावयाचे आहे. एखाद्या वस्तूवरील नाव वाचून थांबू नका. ती प्रथम कोणी कल्पिली, कोणी घडविली, कोणाच्या श्रमावर ती उभी राहिली, हे विचारा, आणि उत्तराला पुरावा मागा. तसेच आपण स्वतः जे घडवितो, मग ती संस्था असो, विहीर असो, वस्तीतील वाचनालय असो, त्याची तारीख, खर्च आणि राबणाऱ्यांची नावे लिहून ठेवा. ही स्मरणिकाही अशीच एक नोंद आहे. कार्ल प्रॉब्स्ट आणि बटलरच्या त्या कारागिरांना निवाड्याच्या दिवशी उपयोगी पडले ते जपून ठेवलेले कागदच.